साडेआठ टक्के कामील

घोट पहिला

गिळलं.

गिळावंच लागतं. वाइन चाखणारे थुंकतात, त्यासाठी त्यांच्या पायाशी बादल्या ठेवलेल्या असतात. बिअरचा कडवटपणा जिभेच्या पार मागे, घशाच्या तोंडाशी कळतो, म्हणून आम्हाला थुंकायची सोय नाही. मी गिळलं, आणि तो घोट छातीच्या मध्यापर्यंत जाऊन थांबला. पुढे जाऊ की परत वर येऊ, असं त्याचं ठरत नव्हतं.

"नासलीय," मी म्हटलं.

वानेसने आपला पेला खाली ठेवला. "काय नासलंय?"

"ही. बिअर. गटारात ओत."

"मारिएत!" झिलबेर्तने छातीवर हात ठेवला. "अगं, काय बोलतेस! किती छान झालीय. घशातून कशी जातेय बघ, अगदी..." तिला पुढचा शब्द सापडेना. झिलबेर्त खाटकाची विधवा. तिला आयुष्यात कुठलाच पदार्थ वाईट लागलेला नाही. नवऱ्याच्या दफनानंतर कॉफीबरोबर जो शिळा केक आला, तोसुद्धा तिने नावाजला होता.

"पिकलेली नासपती," औषधवाला बर्नार्ड डोळे मिटून म्हणाला. "संत्र्याची साल. मग मिरी. आणि शेवटी, अगदी शेवटी, लवंग. वा."

"डोळे उघड," मी म्हटलं. "मिटले की तुला फार गोष्टी दिसतात."

घोट पहिला, पुन्हा

पुन्हा सांगते, कारण पहिल्यांदा सांगताना मी घाई केली. तोंडातून लवकर जावं म्हणून माणूस नावडतं अन्नही असंच खातो.

दर गुरुवारी सकाळी साडेदहाला आम्ही चौघं ब्रुअरीच्या वरच्या खोलीत बसतो. मालक वानेस, बर्नार्ड, झिलबेर्त आणि मी. सकाळपासून कॉफी घ्यायची नाही, ओठांना काही लावायचं नाही, अत्तर तर नाहीच. झिलबेर्त अत्तर लावते. "थोडंसंच गं, कानामागे," असं म्हणते, आणि पहिली दहा मिनिटं माझ्या नाकात तिचे कानच असतात. मी एकोणतीस वर्षं खाली बाटल्या भरायच्या यंत्रावर उभी होते. गुडघे गेले तेव्हा वानेसच्या बापाने मला वर आणून बसवलं. त्याच्या लक्षात आलं होतं की एखादी खेप बिघडली की यंत्राच्या आधी मारिएतचं तोंड वाकडं होतं. नियमही त्यानेच घातला. चौघांच्या सह्या झाल्याशिवाय माल दाराबाहेर जाणार नाही. एकाने नाही म्हटलं तरी नाही.

तो मेला. नियम भिंतीवर चौकटीत आहे.

आता कागद. प्रत्येकाला एक कागद मिळतो, त्यावर ओळी आखलेल्या असतात.

*रंग:* उन्हात वाळलेल्या गवताचा. स्वच्छ. पलीकडची खिडकी दिसते.

*फेस:* पांढरा, घट्ट, फेटलेल्या अंड्यासारखा. पेल्याच्या काठावर उभा राहतो आणि खाली उतरताना काचेवर जाळी सोडतो. चांगल्या बिअरचा फेस. म्हणजे वरून बघणाऱ्याला काहीच कळू नये, अशी सगळी तयारी.

*वास:*

इथे मी लेखणी उचलली.

लवंग होती. बर्नार्ड खोटं बोलत नव्हता. आमच्या यीस्टमुळे ती येतेच, ह्या जातीच्या बिअरमध्ये ती हवीच असते. पण लवंगेच्या मागे कुणीतरी उभं होतं. चिकटपट्टी. जखमेवर लावतात ती, अंगाच्या उबेने मऊ झालेली, कडेला मळ धरलेली, उपटताना केस घेऊन येणारी. ती कुणीतरी माझ्या जिभेवर चिकटवली होती आणि आता हळूहळू ओढत होतं.

कागदावर मी यातलं काहीच लिहिलं नाही.

बर्नार्डचा दोष नाही. तो दिवसभर त्याच वासात बसतो. त्याच्या लेखी तो हवेचा वास आहे.

घोट दुसरा

घेतला नाही.

घ्यायची गरज नव्हती. हा वास एकाच कारणाने येतो, ते मला माहीत होतं. टाकीत क्लोरीनचं पाणी राहिलं की ते बिअरमधल्या लवंगेला धरतं आणि त्या दोघांची ही अवलाद तयार होते. म्हणून आमच्या ब्रुअरीत क्लोरीन आणायलाच बंदी आहे. म्हणजे कुणीतरी आणलं होतं. आणि टाक्या धुणारा माणूस एकच आहे.

कामील. माझ्या बहिणीचा, नोएलाचा नवरा. नोएलाला जाऊन तीन वर्षं झाली.

आणि माझ्यासमोरच्या बाटलीवरही तोच होता. साडेआठ टक्के अल्कोहोल, सोनेरी, नाव 'कामील'. चित्रात त्याची टोपी, टोपीखालून बाहेर आलेले कान. एक्केचाळीस वर्षं टाक्या धुऊन तो या महिनाअखेर निवृत्त होणार, म्हणून वानेसने त्याच्या नावाची बिअर काढली. कुठल्याही ब्रुअरीने टाकी धुणाऱ्याच्या नावाची बिअर काढल्याचं मी ऐकलेलं नाही. राजे, संत, सैतान, सगळ्यांच्या काढतात. रविवारी जत्रेत, सायकलच्या शर्यतीनंतर, गावासमोर तो पहिली बाटली उघडणार होता.

जुलैत ही बिअर टाकीतून चाखायची वेळ आली तेव्हा मी गुडघ्याचं ऑपरेशन करून पडले होते. उरलेल्या तिघांनी सह्या केल्या. मग ती बाटल्यांत भरली, उबदार खोलीत तीन आठवडे झोपवली. तीन हजार बाटल्या. प्रत्येकीवर ते कान.

"काल काय खाल्लंत, मारिएत?" वानेसने विचारलं. आवाज गोड होता. त्याच्या बापाचा आवाज गोड झाला की आम्ही कामाला लागायचो.

"चिकोरी आणि हॅम. का?"

"चिकोरी कडू असते."

"पोरा, मी त्रेसष्ट वर्षं चिकोरी खातेय. तू जन्मायच्या आधी तुझ्या आजीने केलेलीसुद्धा खाल्लीय, आणि ती खाऊन जी जीभ जिवंत राहिली ती कशानेच मरत नाही."

झिलबेर्त हसली. वानेस नाही हसला.

"गोळ्या चालू आहेत ना गुडघ्याच्या?" बर्नार्डने मान तिरकी केली. "त्यांनी तोंडाला चव येत नाही. धातूसारखं लागतं. माझी बरीच गिऱ्हाइकं म्हणतात."

"तुझ्या गोळ्या मी फुलझाडांना घालते."

"त्रिकोण करू या," वानेस म्हणाला.

घोट तिसरा, चौथा, पाचवा

त्रिकोण म्हणजे तीन पेले. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. ओतत असताना चाखणाऱ्याला खोलीबाहेर उभं करतात. झिलबेर्तही चाखणार होती, म्हणून आम्ही दोघी बाहेर बोळात उभ्या राहिलो. तिथे वानेसने बक्षिसं टांगलीत. ब्रसेल्सचं, लीलचं, कुठल्याशा अमेरिकन गावाचं. त्यांच्याकडे बघत उभी राहिले आणि तोंडात जमलेली लाळ गिळायची की नाही, याचा विचार करत राहिले. लाळेलाही तोच वास लागला होता.

"या," आतून.

पेल्यांवर आकडे होते. ४१७. २०८. ६६३. मी ब्रेडचा कोरडा तुकडा चावला, पाणी प्यायले.

४१७. चिकटपट्टी.

पाणी.

२०८. चिकटपट्टी. यावेळी घोट खाली गेला नाही, तिथेच घशात बसला, आणि मला टेबलाची कड धरावी लागली. झिलबेर्तने माझ्या पाठीवर हात ठेवला. अत्तर. मी तिचा हात झटकला. नंतर वाईट वाटलं, तेव्हा नाही.

पाणी.

६६३.

आता एक गोष्ट सांगते. तीनपैकी एक वेगळा आहे, असं कुणी सांगितलं की तोंड तो वेगळा शोधतंच. नसला तर बनवतं. गेल्या हिवाळ्यात बर्नार्डने नळाच्या पाण्याच्या तीन पेल्यांतून वेगळा काढून दाखवला होता आणि त्यात त्याला काकडी लागली होती.

मी ६६३ पुन्हा घेतला. पूर्ण घोट. तोंडभर फिरवला, हिरड्यांपर्यंत, मग गिळला. डोळ्यांतून पाणी आलं.

"तिन्ही एकच आहेत," मी म्हटलं. "आणि तिन्ही सारखेच घाण आहेत. फसवायचंच होतं तर वानेस, एका पेल्यात तरी चांगली बिअर घालायचीस. मला तोंड धुवायला झाली असती."

वानेसचे कान लाल झाले. त्याने बर्नार्डकडे पाहिलं. बर्नार्डने स्वतःच्या नखांकडे पाहिलं.

"अय्या," झिलबेर्त म्हणाली, "तिन्ही एकच होते? मी तर मधल्याला जास्त गुण दिले."

मध्ये घोट नाही. बोलणं.

"तीन हजार बाटल्या आहेत, मारिएत."

"असतील."

"रविवारी त्याला उघडायचीय. बँड सांगितलाय. त्याच्यासाठी करतोय मी हे, माझ्यासाठी नाही."

"माहितीय."

"मग दोष सांगा. नाव सांगा त्याचं. तुम्ही नुसतं घाण म्हणताय. घाण म्हणजे काय? आंबट? लोणी? ओला पुठ्ठा? वासाची ओळ तर कोरीच ठेवलीत. इतक्या वर्षांत तुमच्या कागदावर कोरी ओळ पाहिली नाही मी."

"नाव सांगितलं तर काय करशील?"

"कुठून आलं ते शोधीन."

"आणि सापडलं की?"

त्याने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. तो मूर्ख नाही. हे घराणं कधीच मूर्ख नव्हतं.

"मी सहीच केली तर?" मी विचारलं.

"तर जाईल. बर्नार्डला लागलं नाही, झिलबेर्तला नाही, मला नाही. गावालाही लागणार नाही." मग तो म्हणाला, "तुम्हाला सही करावीशी वाटतेय का?"

एवढं बोलणं होईपर्यंत मला त्या बिअरची घाण वाटत होती. त्यानंतर माझी वाटायला लागली. कारण मला वाटत होतं. सही करावी, रविवारी टाळ्या वाजवाव्या, आणि ज्याला लागेल त्याने आपल्या चिकोरीला दोष द्यावा.

"जेवणाआधी सांगते," मी म्हटलं. कागद घडी करून खिशात घातला, एक बंद बाटली उचलली आणि जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी, खाली गेले.

टाकी नंबर चार

कामील रबरी नळी गुंडाळत होता. तो नळी अशी गुंडाळतो की वेटोळ्यावर वेटोळं बरोबर बसतं. जाताना येताना लोक ते वेटोळं बघून थांबतात.

"काय गं," तो म्हणाला. "कसा झालोय मी?"

"म्हणजे?"

"आज चाखलात ना मला. वानेस म्हणाला, गुरुवारी तुला चाखणार आहेत. कसा लागतो? नोएला म्हणायची, तू शंभर टक्के गाढव आहेस. वानेस म्हणतो साडेआठ. म्हणजे बराच सुधारलो."

मी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. गुडघा ठणकत होता. "कामील, ही बिअर कुठल्या टाकीत होती?"

"चार." तो टाकीकडे वळला आणि तिच्यावर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. "मीच म्हटलं, मला चारमध्ये घाला. तिचा दरवाजा चांगला बसतो. आणि तुला सांगतो, हिच्याइतकी स्वच्छ टाकी या इमारतीत कधी झाली नाही. तीन दिवस लागलो होतो हिच्या मागे."

"कशाने धुतलीस?"

"नेहमीचं. सोडा, पाणी, अ‍ॅसिड, पाणी." त्याने आजूबाजूला पाहिलं आणि पुढे वाकला. "आणि मग आणखी एकदा. स्वतःच्या हाताने. आत उतरून."

"कशाने?"

"ज्याव्हेलने."

ज्याव्हेल आमच्याकडे प्रत्येक घरात असतं. फरशी, मोरी, दारापुढची पायरी, शनिवारी रस्त्याची आमच्या दारापुरती पट्टी, सगळं त्यानेच घासतात. स्वच्छतेचा वास कसा असतो असं गावात कुणालाही विचारा. क्लोरीनचाच.

"अरे, ते इथे आणायची बंदी आहे!"

"बंदी आहे म्हणून तर घरून आणलं. दोन बाटल्या. कोटाच्या आत." तो हसला. "असं बघू नकोस. वानेसचा आजोबा असताना तांब्याच्या कढया आम्ही ज्याव्हेलनेच पुसायचो, कुणी मेलं नाही. माझं नाव लागणार होतं गं तिच्यावर. नेहमीच्या धुण्यावर कसं सोडायचं? आणि मी काय तशीच ठेवली का? पाण्याने काढली ना सगळी. खळाखळा."

"किती वेळ?"

"वास जाईपर्यंत."

पंपाची घरघर चालू होती. मी ती थांबायची वाट पाहिली. ती थांबत नाही, मला माहीत आहे.

"आणि वास कधी गेला, कामील?"

नळीचं वरचं वेटोळं बरोबरच होतं, तरी त्याने ते सारखं केलं.

"लगेच गेला," तो म्हणाला.

इथे काय लिहावं ते कळत नाही

"कधीपासून?"

"तो ताप आला होता ना. त्यानंतर."

"दोन हिवाळे?"

"आता तिसरा येईल."

"कुणाला सांगितलंस?"

"काय सांगायचं? टाकी धुवायला नाक कशाला लागतं? पाणी लागतं, हात लागतात."

मी दर रविवारी त्याच्याकडे सूप घेऊन जाते. मांसाच्या गोळ्यांचं, वरून सेलरी. दर रविवारी तो म्हणतो, झकास झालंय.

"आणि माझं सूप?"

"गरम असतं," कामील म्हणाला. मग माझं तोंड बघून घाईने म्हणाला, "खरंच सांगतो. छान गरम असतं."

माझा धंदा चाखायचा. चाळीस लिटरमध्ये थेंबभर काय पडलंय ते मी सांगते. आणि समोर बसून दोन वर्षं माझं सूप पाण्यासारखं पिणाऱ्याला मी वाढत होते आणि त्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"बिअरमध्ये आलंय का?" त्याने विचारलं.

"आलंय."

"फार?"

"मला पुरे होईल इतकं."

"बाकीच्यांना?"

"नाही लागलं. बर्नार्डला संत्रं लागलं. झिलबेर्तला आवडली."

"झिलबेर्तला." तो मान हलवून हसला. "तिने माझ्या लग्नात मेणबत्तीची सजावट खाल्ली होती. मार्झिपान समजून, बदामाची मिठाई."

"आणि नावाजली होती."

"आणि नावाजली होती."

आम्ही दोघं हसलो. लगेच थांबलो.

"म्हणजे तू गप्प बसलीस तर जाईल," तो म्हणाला. विनवणी नव्हती. टाकीत किती पाणी आहे ते सांगतात, तसं सांगितलं.

"जाईल."

"हं." त्याने टोपी काढली. टोपीखाली त्याच्या कपाळाचा वरचा भाग लहान मुलासारखा पांढरा आहे. "जत्रेला आल्स्तहून माणसं येतात. गेंटहून येतात. तीन हजारांत दुसरी मारिएत निघायचीच. ती काही बोलणार नाही. पेला अर्धा ठेवील आणि उठून जाईल. आणि मी तिथे उभा असेन, बिल्ला लावून. मला कळणारसुद्धा नाही." त्याने हात पुढे केला. "कागद दे."

"कामील, मी नुसतं 'नाही' लिहू शकते. कारण न देता. वानेस आरडाओरडा करील, पण..."

"दे गं."

मी दिला. त्याने तो टाकीच्या पत्र्यावर सपाट धरला आणि वासाच्या कोऱ्या ओळीवर लिहिलं. त्याचं अक्षर मोठं आहे, शाळेतलं राहिलं तसंच. *टाकी चार. ज्याव्हेल. दोन बाटल्या. मी घातलं.*

"सही कुठे करायची?"

"तुझ्या सहीची जागा नाही यात. चाखणाऱ्यांच्याच चार ओळी आहेत."

त्याने कागद वरखाली पाहिला. "फेसाच्या ओळीत जागा आहे," तो म्हणाला आणि तिथे सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

"वर तू देतेस की मी देऊ?"

"मी देते."

"नको. मीच देतो." पण तो गेला नाही. माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट दाखवलं. "ती उघडणार आहेस का?"

घोट सहावा, कामीलचा

धुण्याच्या मोरीवर पेले वाळत घातलेले असतात. त्याने फुगीर पोटाच्या पेल्यांतला एक घेतला, थंड पाण्याने विसळला आणि तसाच ओला धरला, ओल्या काचेवर फेस चांगला बसतो म्हणून. बाटली उघडली. एका दमात, न थांबता ओतली, आणि तळचं बोटभर यीस्ट बाटलीतच ठेवलं. फेस काठाच्या वर आला आणि तिथेच राहिला. मी भल्याभल्या कॅफेवाल्यांना इतकं नीट ओतताना पाहिलेलं नाही.

"दिसायला बरा आहे," तो म्हणाला.

"दिसायला फार बरा आहेस."

तो प्यायला. तोंडात धरलं. छताकडे बघत, शाळेत कवितेची पुढची ओळ आठवतात तसा उभा राहिला.

"गार आहे," तो म्हणाला. "टोचतंय. पोटात ऊब." मग ओठ पुसून, "बाकी काही नाही. कसला वास येतो गं?"

"ज्याव्हेलचा. लिहिलंस ना आता."

"ते कारण झालं. वास कसला येतो?"

"चिकटपट्टीचा."

"कसल्या?"

"कसल्या म्हणजे, चिकटपट्टी. दवाखान्यातली."

"दवाखान्यातल्या वासाला तू तोंड असं करत नाहीस," कामील म्हणाला. "गुडघ्याच्या वेळी मी तुला भेटायला आलो होतो. तेव्हा काही असं तोंड नव्हतं."

मी पहिल्या घोटालाच ओळखलं होतं. वर बसून लवंगेच्या मागे कोण उभं आहे ते मला दिसलं होतं, आणि मी चिकटपट्टी म्हणून मोकळी झाले होते. कुणाला सांगणार नव्हते. त्याला तर नाहीच.

"नोएलाच्या खोलीचा," मी म्हटलं.

त्याने पेला खाली ठेवला.

शेवटचे सोळा महिने नोएलाच्या छातीवर उघडी जखम होती. ती भरायचीच नाही. नर्स दिवसाआड यायची. मधल्या दिवशी पट्टी कामील बदलायचा. मग फरशी ज्याव्हेलने पुसायचा, पलंगाखाली, गुडघ्यांवर बसून. मी जायचे, दाराशी उभी राहायचे आणि तोंडाने श्वास घ्यायचे. बहिणीच्या दाराशी. आत जाऊन बसायला मला पाच मिनिटं लागायची. त्याला कधी लागली नाहीत.

कामीलने पेला उचलला आणि नाक आत घातलं. खोल. फेस नाकाच्या शेंड्याला लागला. श्वास घेतला, बाहेर काढला, पेला फिरवला, पुन्हा नाक घातलं. एका नाकपुडीने. मग दुसरीने. वर बर्नार्ड करतो तसे चाळे नव्हते ते. कुलपात किल्ली फिरत नसली की माणूस ती काढून, पुसून पुन्हा घालतो, तसं चाललं होतं.

"मला काहीच येत नाही गं," तो म्हणाला.

त्याने पेला माझ्यापुढे सरकवला.

"तू पी."

"कामील, मला ओकारी येतेय. खरंच."

"माहितीय मला. पी."

त्यापुढचे मोजले नाहीत

मी प्यायले. चिकटपट्टी जिभेवर बसली. यावेळी पाणी नव्हतं, ब्रेड नव्हता.

"सांग," तो म्हणाला.

"पट्टी."

"ते झालं. मागे काय आहे?"

मी आणखी एक घेतला, आणि गिळायच्या आधी धरून ठेवला. "कापूस. उकळलेली चादर. इस्त्री न केलेली."

"तिला इस्त्रीची टोचायची." तो क्रेटवर माझ्या शेजारी बसला. "पुढे."

"मलम. झाकण उघडं राहिलेलं."

"ते नेहमीच राहायचं."

घोट. पोटाने तो परत पाठवला आणि मी परत गिळला. कपाळावर घाम आला. कामीलने पाहिलं, पण थांब म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

"खुर्चीवर ओला कोट आहे," मी म्हटलं. "लोकरीचा."

"माझा. पावसातून आलो असेन."

"संत्रं सोललंय कुणीतरी."

"मीच. ती खायची नाही. नुसतं हातात धरायची." त्याने डोळे मिटले नव्हते. समोर टाकी नंबर चारकडे बघत होता, हात मांड्यांवर ठेवून. "आणि ती?"

मी पेल्यात पाहिलं. अर्धा उरला होता. काचेवर फेसाची जाळी वाळत होती.

"झोपलीय," मी म्हटलं.

"खिडकी उघडी आहे का?"

ते बघायला मी आणखी एक घोट घेतला.